मोकळ्या तासाचा कोंडवाडा

कापणीचे दिवस आले की माझं डोकं तापतं. आमच्या घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. दसऱ्याचं सोनं वाटून झालं, ऊन कडक पडायला लागलं, कातळावरचं गवत पिवळं पडलं आणि खालच्या मळ्यांतून विळ्यांची खसखस ऐकू यायला लागली, की बायको मुलांना सांगते, "आता थोडे दिवस ह्यांच्या वाटेला जाऊ नका." चहात साखर कमी पडली तरी मी बोलतो आणि जास्त पडली तरी बोलतो. खरं तर रत्नागिरीत या दिवसांइतके देखणे दिवस दुसरे नाहीत. पावसाळाभर भिजलेला जांभा चिरा वाळू लागतो आणि दुपारी भिंतीला पाठ लावली तर तिची ऊब अंगात शिरते. हवेला कापलेल्या भाताचा वास असतो. समुद्र निवळलेला असतो आणि बोटींची ये-जा सुरू झालेली असते. हे सगळं मला दिसतं, आवडतंसुद्धा. तरी राग येतो तो येतोच.

यंदा त्या रागाला निमित्तही मिळालं. काल चौथ्या तासाला शिपाई नोटीस घेऊन वर्गात आला. आमचे हेडमास्तर नवे आहेत, तरुण आहेत, बी.टी.ची शिक्षकी पदवी घेऊन आलेले आहेत आणि त्यांना शाळा सुधारायची आहे. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांसाठी एक खोली राखून ठेवली आहे, आणि ज्या शिक्षकांना मोकळा तास असेल त्यांनी तिथे देखरेखीला बसावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या. मी सही न करता नोटीस परत पाठवली. मधल्या सुटीत हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. फार सभ्य माणूस. खुर्ची पुढे केली.

"नेने मास्तर, काही अडचण आहे का?"

"अडचण नाही," मी म्हटलं, "नकार आहे."

त्यांनी कारण विचारलं. ते कारण त्यांच्या टेबलापाशी बसून सांगण्याइतकं आटोपशीर नाही. ते एका अख्ख्या सुगीचं आहे. म्हणून मी नुसतं "सांगेन कधी तरी" म्हटलं आणि उठलो. दुपारभर मग मुलांना मान्सून वारे शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे विहिरीजवळची ती जुनी खोली येत राहिली. तिथे आता व्यायामशाळेचे मुद्गल ठेवतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी, ती खोली सुरू होण्याआधी, आमच्या शाळेत वर्गातून काढलेला मुलगा व्हरांड्यात उभा राहायचा. तेवढीच शिक्षा. व्हरांडा वर्गाला लागून, खिडक्यांना गज, पण झडपा नेहमी उघड्या. मुलगा तिथे उभा राहून समोरच्या फणसावरची माकडं बघायचा आणि वर्ग ऐकायचा. कितीदा तरी असं झालं आहे की मी आत प्रश्न विचारला, सगळा वर्ग मुका, आणि खिडकीतून उत्तर आलं. मग काय करणार? हसायचं आणि म्हणायचं, "ये रे आत, शहाण्या." काढलेला मुलगा आपल्याच मास्तराच्या नजरेच्या टप्प्यात असे, मास्तराचा राग उतरला की त्याला ते चेहऱ्यावरून कळे, आणि हळूच एक पाय उंबऱ्याच्या आत येई. मास्तर न पाहिल्यासारखं करी. दुसरा पाय आला की प्रकरण मिटे. ह्यात कुणी जिंकत नसे आणि कुणी हरत नसे.

तेव्हाचे हेडमास्तर देशावरचे होते. नुकतेच बदलून आले होते. करडा माणूस, वेळेचा पक्का, आणि वाईट मुळीच नव्हता, हे मला आज रागातही कबूल करावं लागतं. एकदा इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले असताना व्हरांड्यात मुलांची बरीच मोठी रांग उभी होती. साहेब नुसते तिच्याकडे बघत पुढे गेले. ते बघणं हेडमास्तरांना लागलं. पुढच्याच आठवड्यात विहिरीजवळची खोली झाडून घेतली गेली. त्या खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या दगडी गडग्याकडे तोंड करून. आत मोडके बाक, फाटके नकाशे, भिंतीला पावसाळ्याची ओल. वर्गांपासून इतकी लांब की तास पडल्याची घंटाही कान देऊन ऐकावी लागे.

नियम असे होते. ज्या विषयाच्या तासाला मुलाला काढलं, त्या विषयाच्या प्रत्येक तासाला त्याने रोज त्या खोलीत बसायचं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही. ज्या मास्तराला मोकळा तास असेल त्याने समोर बसून राखण करायची. शिकवायचं नाही, कारण शिकवलं तर ती शिक्षा कसली? आणि सुटका कधी? ज्या मास्तराने काढलं, तो स्वतः खोलीच्या दारात येऊन मुलाला घेऊन जाईल तेव्हा. शिपायाला पाठवून चालणार नाही, चिठ्ठी चालणार नाही. हेडमास्तरांचा हिशेब सरळ होता. स्वतः उठून आणायला जावं लागलं की मास्तर उगाच कुणाला काढणार नाहीत. कागदावर हे इतकं चांगलं दिसत होतं की आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

देशावर हे चाललंही असेल. पण पोरांनी पहिल्या आठवड्यातच त्या खोलीला कोंडवाडा म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच सगळं बिनसलं. आमच्या गावात कोंडवाड्यावर जाणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्या देशावरच्या माणसाला कोण सांगणार? उभ्या पिकात गाय शिरली, कुणी ती नेऊन कोंडवाड्यात घातली, तर गायीचा धनी कधी स्वतः सोडवायला जात नाही. गड्याला पाठवतो. गडी नसेल तर मेव्हण्याला पाठवतो. आणि अगदीच कुणी नसेल तर भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मागच्या पाणंदीने जातो. ज्याला आपली गुरं आवरत नाहीत तो कोंडवाड्यावर जातो, अशी ती लाज. आता पटांगणातून, साऱ्या शाळेच्या खिडक्यांसमोरून, कोणता मास्तर कोंडवाड्यावर जाणार? नवे दोघे-तिघे प्रार्थनेआधी हळूच जाऊन दारातून खूण करत आणि मुलाला सोडवून आणत. जुने मास्तर तर जातच नसत. मुलं तिथेच राहत.

आणि त्यांच्यापुढे मी. माझे मोकळे तास इतरांपेक्षा जास्त, कारण भूगोल हा विषय शाळेला नेहमीच थोडका पुरतो. मोकळा तास म्हणजे मास्तराला फुकट मिळालेला वेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शाईने माखलेल्या वह्यांचा गठ्ठा तपासून बघावा. मी त्या तासाला नकाशे काढायचो. मांजरपाटाच्या कापडावर खळ लावून, सह्याद्रीची रांग तपकिरी, नद्या निळ्या. त्या सुगीत एकही नकाशा पुरा झाला नाही. बाकावर बसलेली, दुसऱ्याने काढलेली, दुसऱ्यावर चिडलेली मुलं माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. भूगोलाच्या तासाला जी पोरं माझ्याशी हसून बोलत, तीच इथे मान वळवून बसत. मी त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. पण त्या खोलीत मी त्यांचा मास्तर नव्हतोच, राखणदार होतो, आणि राखणदाराशी कुणाचं प्रेम असतं? त्यांतल्या एकाने बाकाखाली पाय आपटायला सुरुवात केली की मी ओरडायचो. ओरडण्याआधी त्याला काय झालंय हे विचारायचा हक्क मला नव्हता आणि ते मला ठाऊकही नव्हतं. तो तंटा जिथे झाला तिथे मी नव्हतोच.

मुलांवर लक्ष ठेवायला कुणी तरी हवंच, असं लोक म्हणतात. हवं ना. ज्याने काढलं त्यानेच ठेवावं! ज्याचा राग, त्याचीच जबाबदारी. दुसऱ्याच्या रागाची राखण करायला मला कशाला बसवता? मी शिकवण्यासाठी पगार घेतो. नुसतं बसून दार अडवण्याचं काम करायला मास्तर लागत नाही, एक चांगलं कुलूप पुरतं.

गणू त्या कोंडवाड्यात आला तो ह्याच दिवसांत. मॅट्रिकच्या वर्गातला. भाट्याच्या खाडीपलीकडचा, पावस गावाच्या वाटेवरच्या एका वाडीतला कुणब्याचा मुलगा. बाप मुंबईला गोदीत, घरी आई आणि धाकटी बहीण. त्या वाडीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेला तो पहिलाच, आणि मॅट्रिक झाला तर कस्टमात नाहीतर पोस्टात चिकटेल, अशी सगळ्या वाडीची आशा. भूमितीत हुशार. पण मॅट्रिकला बसायचं तर आधी शाळेची प्रिलिम, तिच्यात गणितात उतरलं तरच हेडमास्तर फॉर्म सोडणार. प्रिलिम दिवाळीनंतर लगेच. म्हणजे अभ्यासाचे दिवस नेमके कापणीचे.

ह्या दिवसांत खाडीपलीकडची पोरं कशी येतात ते ज्याने पाहिलं नाही त्याने शिस्तीवर बोलू नये. उजाडायच्या आधी मळ्यात उतरायचं, दव असेतो कापायचं, मग पेज पिऊन धावत धक्का गाठायचा आणि तरीची, खाडी ओलांडणाऱ्या होडीची, वाट बघायची. ती होडी भरली की सुटते, शाळेच्या घंटेवर सुटत नाही. बोटांवर विळ्याच्या रेघा, पोटऱ्यांवर चिखलाचे वाळलेले पट्टे, डोक्यात भाताचं टोचरं कूस. बाकावर टेकलं आणि खिडकीतून ऊन आलं की डोळे मिटलेच. माझ्या तासाला मिटायचे तेव्हा मी आवाज थोडा खाली आणायचो. जरा झोपला तर काय सह्याद्री हलणार होता?

दामले मास्तरांना हे सहन व्हायचं नाही. ते गणित शिकवत, आणि त्यांच्यासारखं गणित शिकवणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. लांबलांबून मुलं त्यांच्यासाठी आमच्या शाळेत यायची. कधी कुणाला छडी मारली नाही. पण त्यांच्या तासाला कुणाचा डोळा लागला तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. दिवसभर तेच एक करणारा माणूस, आणि समोर कुणी तरी झोपतो, म्हणजे त्यांना तो सरळ अपमान वाटे. त्यांनी गणूला काढलं. व्हरांडा असता तर गणूने पहिल्या दहा मिनिटांत पाय आत टाकला असता. आता तो थेट विहिरीजवळ आला, माझ्यासमोर.

दामले मास्तर न्यायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. गणिताच्या तासाला वर्ग वर जाई आणि गणू खाली माझ्यासमोर येऊन बसे. वर समीकरणांचा धडा सुरू झाला होता.

मी नियम मोडला असता. मोडायला मला काहीच वाटलं नसतं. पण माझं गणित इतकं कच्चं की मुलाला काय शिकवणार? एकदा न राहवून मी हळू आवाजात त्याला व्यापारी वारे समजावून सांगू लागलो, निदान वेळ तरी जाईल म्हणून. त्याने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "मला वारे येतात. मला समीकरणं येत नाहीत."

तो हे उर्मटपणे बोलला नाही. ज्या गोष्टीसाठी त्याचा जीव टांगला होता ती माझ्याकडे नव्हती, इतकंच. गणिताचा मास्तर वर आणि भूगोलाचा मास्तर खाली, आणि गणिताचा मुलगा भूगोलाच्या मास्तरासमोर हात बांधून बसलेला. ह्याला हेडमास्तर व्यवस्था म्हणत होते.

मी दामले मास्तरांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. ते धोतराचा सोगा सावरून बसले होते, सुपारी कातरत होते.

"दामले, त्या गणूला घेऊन जा हो. मुलाचं नुकसान होतंय."

"त्याने यावं. क्षमा मागावी. मी काही राक्षस नाही."

"तो येऊन काय होणार? त्याला तेवढ्याने सुटका नाही. नियमच तसा आहे. तुम्हालाच जायला हवं."

अडकित्ता थांबला. "मी? त्या दारात? सोडवायला? माझी काय म्हैस चुकली आहे, नेने?"

बाकीचे मास्तर हसले. दामले मास्तरही हसले. एकदा असं चारचौघांत बोलून हसल्यावर त्यांना जाणं आणखी अवघड झालं, हे मला तिथेच कळलं, आणि मी फार संतापलो. मी हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हटलं, मी सोडतो त्या मुलाला.

"तुम्हाला सोडता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही काढलेलं नाही. तुम्ही फक्त देखरेख करायची."

"मग त्या खोलीत मी कोण?"

"मोकळा तास असलेले शिक्षक," हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आजही ते उत्तर आठवलं की हातातला खडू मोडतो. एक मुलगा, ज्याला एकच विषय हवा होता. एक मास्तर, ज्याला तो विषय येत होता आणि चालत यायचा अपमान वाटत होता. एक हेडमास्तर, ज्याच्यापाशी नियम होता. आणि ह्या तिघांच्या मध्ये बाकावर बसवलेला मी, ज्याला सोडवायचाही अधिकार नाही आणि शिकवायचीही मुभा नाही. माझ्यामुळे उलट सगळ्यांची सोय झाली. दामले मास्तरांना मुलगा दिसत नव्हता, म्हणून त्यांचा राग उतरायचं कारण नव्हतं. व्हरांड्यात तो दिसला असता, पेंगुळलेला, चिखलाच्या पायांचा, आणि तो माणूस चार दिवसही तग धरू शकला नसता. मुलाला कुणी तरी सांभाळतंय म्हटल्यावर त्याला विसरणं सोपं झालं.

मग एका दुपारी त्याची आई आली. तरीने येऊन, भाट्याच्या धक्क्यापासून चढ चढून. फाटकाशी शिपायाने अडवलं असावं, कारण ती मागच्या गडग्यावरून येऊन त्या एकुलत्या एक खिडकीत उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, हात भाताच्या पातींनी चिरलेले. गणू तिला बघून उभा राहिला आणि मान खाली घातली.

"तुमीच गनूचं मास्तर?"

"मी भूगोल शिकवतो, बाई."

"मंग गनिताचं मास्तर कुठं हायत? त्यांनी ह्याला भायेर काढलानी ना?"

मी वरच्या वर्गाकडे बोट दाखवलं. ती घाईने सांगू लागली, जणू मीच सगळं ठरवणार होतो. "झोप त्याला माज्यापायी आली, मास्तर. मीच पाटंचा उठवतंय त्याला. ह्याचा बाप मुंबयत, दुसरा मानूस नाय हाताखाली. पन आता नाय उठवीत. परवापासनं एकटी कापतंय. ह्यो रोज नीट झोपून येतोय. सांगा त्यांना."

मी गणूकडे पाहिलं. खरंच, त्या दोन दिवसांत त्याच्या पोटऱ्या स्वच्छ होत्या. मी दारातून शिपायाला हाक मारली आणि दामले मास्तरांना निरोप धाडला की मुलाची आई आली आहे, खाली या. शिपाई परत आला. तास चालू आहे म्हणून सांगा, असं उत्तर होतं.

ती थांबली. खिडकीखाली गडग्याच्या सावलीत बसून राहिली. तास संपला, दुसरा सुरू झाला, आणि खाडीला ओहोटी लागायच्या आत तरीची होडी गाठायची तर तिला निघायला हवं होतं. तेव्हा ती पुन्हा खिडकीत आली. आत बाकांवर बसलेल्या सगळ्या मुलांवरून तिची नजर फिरली.

"आमच्या गायचा पाडा गेलता औंदा कोंडवाड्यात," ती म्हणाली. "तितं पन पेंडा घालतात वो गुरांना. तुमी ह्यांना काय घालताव?"

डोक्यावरचा पदर घट्ट करत ती म्हणाली, "मी त्याला कापनीतनं सोडलंय, मास्तर. तुमच्यातल्या कुनालाच त्याला हितनं सोडवत नाय?"

त्या वर्षी त्यांच्या वाडीतलं शेवटचं उभं पीक तिचंच राहिलं होतं, असं मला नंतर कुणी तरी सांगितलं. इतरांची भाताच्या भाऱ्यांची उडवी रचून झाली, खळ्यांवर झोडणी सुरू झाली, गुरं मोकळी सुटली, आणि ही बाई अजून एकटी विळा घेऊन मळ्यात. पिकलेलं भात फार दिवस थांबत नाही. दाणे गळतात, पाखरं उतरतात. तिने ते गळू दिलं, कारण पोराला झोप मिळायला हवी होती. आणि तो झोप झालेला, ताजातवाना मुलगा आम्ही रोज गणिताच्या तासाला एका ओल्या खोलीत भिंतीकडे बघत बसवला.

दिवाळी झाली. पोरांनी नरकासुर जाळला, कारेटी फोडली, फराळ झाला. प्रिलिम आली आणि गेली. गणूचा फॉर्म सुटला नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, माझ्या मोकळ्या तासाला, कोंडवाड्याच्या दारात सावली पडली. दामले मास्तर आले होते. पटांगणातून, सगळ्या खिडक्यांसमोरून चालत. बाकांवरची पोरं धडपडत उभी राहिली. मी उठलो नाही.

"गणू कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काय काम आहे?"

"मी त्याचा पेपर तपासला." ते बोलताना माझ्याकडे न बघता ओल्या भिंतीकडे बघत होते. "भूमिती सगळी बरोबर आहे. एक रेघ चुकलेली नाही. बीजगणित तेवढं कोरं आहे."

"ते तुम्ही वर शिकवत होतात तेव्हा तो इथे बसला होता."

"ठाऊक आहे." ते म्हणाले. "मी हेडमास्तरांशी भांडून आलोय. त्याला पुन्हा परीक्षेला बसवायला ते तयार आहेत. मी माझ्या घरी त्याची तयारी करून घेतो. त्याला बोलवा. मी न्यायला आलो आहे."

हे त्यांच्या तोंडून निघायला किती कष्ट पडले असतील ते मला कळत होतं. ते कळूनही मला त्यांची दया आली नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही येत नाही.

"तो सकाळच्या बोटीने मुंबईला गेला," मी म्हटलं. "बापापाशी. गोदीत काम बघितलंय."

दामले मास्तर दाराची चौकट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "त्याच्या आईला निरोप पाठवला तर? ती त्याला परत बोलवील."

"पाठवता कशाला? तरीची होडी अजून चालू आहे. तुम्हीच जा. वाडी कुणीही दाखवील."

त्यांनी मान हलवली, जातो म्हटल्यासारखी. उपरणं सावरलं. पटांगण ओलांडून ते फाटकापर्यंत गेले, हे मी दारातून पाहिलं. तिथे थोडा वेळ उभे राहिले. खाली उतरणारा रस्ता भाट्याकडे जातो, तो तिथून सरळ दिसतो. मग घंटा झाली आणि ते वळून जिना चढून वर्गात गेले.

गणू परत आला नाही. कुणी बोलवायलाच गेलं नाही, तर येणार कसा? दुसऱ्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गातली पोरं जिन्यावरून उतरताना एकमेकांना सांगत होती, दामले मास्तरांनी समीकरणांचा धडा आज पुन्हा पहिल्यापासून घेतला, आणि काय सुरेख घेतला.